पायलीतली पिल्लं

तिसरं पिल्लू धुरीत गेलं.

घमेलं उचललं तेव्हा ओव्याचा दाट पांढरा धूर एकदम माझ्या तोंडावर आला. डोळे पुसून पाहिलं तर पायलीत एक पिल्लू उताणं पडलेलं, तोंड उघडं, पोट हलत नव्हतं. बाकीची दोन जिवंत होती, पण जिवंत म्हणायची इतकीच. नाकाची गुलाबी टोकं राखेच्या रंगाची झालेली आणि एकेक श्वास घ्यायला सगळं अंग उचलावं लागत होतं. मी पायली उचलून अंगणात पळाले. माझे गुडघे पळण्याजोगे राहिलेले नाहीत, तरी पळाले. पायली उन्हात ठेवली, पदरानं वारा घातला आणि मेलेलं पिल्लू तळहातावर घेऊन तशीच उकिडवी बसले. बोटाच्या पेराएवढा उंदराचा जीव. त्याला ओव्याचा वास येत होता.

मला रडू आलं नाही. उंदराच्या पिल्लासाठी रडणारी बाई मी नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं ते पिल्लू नव्हतंच. आदल्याच दिवशी मी फोनवर सुनेला सांगितलं होतं, "परीला दोन्ही टाईम धुरी दे. कोपीचं तोंड गच्च बंद कर, वारं लागू दिऊ नको." परी म्हणजे माझी नात. तेव्हा ती अंगावर पिणारी, नुकती मान धरायला लागलेली होती. कोपी म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या माणसांची राहुटी, आणि ती होती पुणतांब्याच्या पलीकडे, गोदावरीकाठच्या फडात. परीला खोकला झाला होता आणि छाती वाजत होती.

यंदाही दसरा झाला आणि ट्रॅक्टर दारात लागले, म्हणून हे सगळं आठवलं. आमच्या पाथर्डीकडच्या गावांत हंगाम असाच येतो. आधी डिझेलचा वास येतो, मग आवाज. ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, पाण्याची टाकी, ज्वारीची पोती, गोधड्यांची गाठोडी, कोयते गोणपाटात गुंडाळलेले. कोंबड्या डालग्याखाली. त्या सगळ्याच्या वर माणसं बसतात आणि बायका डोक्यावरचा पदर दातात धरतात, कारण रस्ता लागला की धूळ उडते. ट्रॅक्टर वळला की गावातली कुत्री थोडं अंतर मागं पळतात आणि परत येतात. मग दारोदार कुलपं. गावात उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि उंदीर.

मीही अर्धं आयुष्य त्याच ट्रॉलीवर बसून गेले आहे. पाचटाचा वास, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा तो आंबूस गोड वास, अजून कुठं आला तरी माझी बोटं आपोआप मुठीत मिटतात, कोयता धरल्यासारखी. गुडघे गेले तेव्हा मी घरी राहिले. जी आठवतेय ती थंडी माझी घरी राहायची पहिली. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात हिवाळा कधी पाहिलाच नव्हता. अंगणात सकाळी ऊन कुठून येतं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते आधी शेळीच्या खुंट्यावर येतं, मग तुळशीवर, मग उंबऱ्याशी. चांगलं ऊन असतं. पण दिवसभर उन्हाकडे माणूस किती बघणार? घर खायला उठलं होतं.

निघायच्या आधी मनीषानं, माझ्या सुनेनं, विचारलं होतं, "आत्या, परीला तुमच्यापाशी ठिऊ का? वरचं दूध घेईल ती."

"अंगावर पिणारं लेकरू आईबिगर ठिवायचं नसतं. ने संगं."

"तिकडं थंडी लई असती."

"आमची लेकरं न्हाई वाढली का थंडीत? धुरी देत जा. ती चुकवू नको."

मी सरळ सांगितलं. आजही कोणी विचारलं तर दुधावरच्या लेकराबद्दल हेच सांगेन.

तोडीच्या टोळ्या गेल्या की उंदरांना गाव आपलं वाटायला लागतं. भरदिवसा ते ज्वारीच्या पोत्यावरून चालत जायचे, माझ्याकडे बघत, जणू मीच त्यांच्या घरात पाहुणी आले आहे. मी चाप लावला. लाकडी फळीवर तार असते, भाकरीचा तुकडा ओढला की मान अडकते. मी आयुष्यात किती उंदीर मारले त्याचा हिशेब नाही. सकाळी चापात एक उंदरीण सापडली. शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायला निघाले तेव्हा तिचं पोट दिसलं. आचळांभोवतीचे केस झिजलेले, आचळं ओली. कुठंतरी लेकरं होती. मी ती टाकली, हात धुतले, भाकरी थापली, खाल्ली.

दुपारी पोत्यांखालचं बारदान ओढलं तर तिथं घरटं. गोणपाटाचे धागे, कापूस, आणि मनीषाच्या जुन्या चोळीचा हिरवा तुकडा. त्यात पाच पिल्लं. डोळे मिटलेले, पाठीवर नुकती लव आलेली. पोटाची कातडी अजून इतकी पातळ होती की आतलं दिसत होतं. पोटात पांढरं काही नव्हतं. म्हणजे दूध संपलेलं होतं.

तिथंच पायाखाली घातली असती तर काम मिटलं असतं. का नाही घातली, हे मला सांगता येत नाही. माया होती असं म्हणणार नाही, कारण खोटं होईल. हात रिकामे होते, एवढं खरं. कोपऱ्यात धान्य मोजायची जुनी पत्र्याची पायली होती. तिच्यात कापूस घातला, पिल्लं घातली आणि पायली चुलीच्या कडेला उबेला ठेवली. ज्या मापानं ज्वारी मोजायची त्याच मापात ज्वारीचे चोर.

माझी थोरली जाऊ, कौसल्या, आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. मी तिला आक्का म्हणते. तिच्याकडे घोडेगावच्या बाजारातून आणलेली शेळी होती, नुकती व्यालेली. मी वाटी घेऊन गेले.

"आक्का, घोटभर दूध द्या."

"च्याला का?"

"उंदराला."

आक्कानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिरे, येडी झालीस व्हय? सकाळीच चापातली उंदरीन उकिरड्यावर टाकलीस ना?"

"तिची लेकरं हायेत."

"मंग आज दूध पाजून मोठी करायची, न् पुढच्या म्हयन्यात चाप लावायचा. व्हय ना?"

"तवाचं तवा बघू."

"माझ्या नातवाला पुरत न्हाई, न् हिला उंदराला पायजे," असं पुटपुटत तिनं धार काढली. पण दूध दिलं, आणि वाटीच्या मागोमाग ती स्वतःही आली.

पाजायचं कशानं? चमचा म्हणजे त्यांच्यापुढं विहीर. बोट म्हणजे डोंगर. आक्का मारुतीच्या देवळासाठी फुलवाती वळते, तिच्या कनवटीला नेहमी कापसाचा पुडा असतो. मी त्यातली एक वात घेतली, टोक बारीक पिळलं, कोमट दुधात बुडवलं आणि एका पिल्लाच्या ओठाला लावलं. पिल्लू आधी थांबलं. मग दोन्ही पुढच्या हातांनी, हो, हातच म्हणायचं त्यांना, बोटंसुद्धा असतात, त्यानं ती वात धरली आणि चोखायला लागलं.

"देवाच्या वाती उंदराच्या तोंडात!" आक्का ओरडली. मग जरा वेळानं खाली वाकून म्हणाली, "पितंय की गं. पोटात बघ पांढरं झालं."

माझ्या तळव्यांत कोयत्यानं इतके घट्टे पडले आहेत की तिथं ठेवलेलं पिल्लू मला कळायचंच नाही. गरम आहे की गार, हललं की नाही, काही नाही. म्हणून मी ते मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचे. तिथली कातडी अजून कातडी आहे. तिथं त्याचं काळीज धडधडतं ते लागायचं. माझी स्वतःची लेकरं मी याच हातांनी वाढवली, पण दमून. फडातून आलं की लेकराला छातीशी लावायचं आणि बसल्या जागी डोळा लागायचा. त्यांचं अंग कसं होतं, ऊब कशी होती, मला आठवत नाही. आठवायला वेळच नव्हता. आणि आता म्हातारपणी मी दिवस दिवस बसून उंदराची ऊब बघत होते. याला काय म्हणावं ते शिकलेल्या माणसांनी म्हणावं. माझी शाळा चौथीत संपली.

पहिलं पिल्लू माझ्या घाईनं गेलं. वात जास्त भिजली, दूध नाकात गेलं, नाकातून बुडबुडा आला आणि खेळ आटपला. दुसरं मला कळलंच नाही कशानं. चांगलं पीत होतं, पण पोट फुगत गेलं, ढोलकीसारखं ताठ झालं आणि संध्याकाळी ते आवाज न करता मेलं. आक्कानं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे मुतलंच न्हाई," ती म्हणाली. "हिरे, तू पाजती, पन पुसती का?"

"काय पुसायचं?"

"आगं, शेळी करडाला मागून चाटती ती काय नुसती माया म्हनून? चाटल्याबिगर त्याला मोकळं हुता येत न्हाई. हितं चाटायला आई कुठाय? तू तर ती उकिरड्यावर टाकली."

आक्काचं बोलणं असंच. औषधही देते आणि चटकाही. मग मी कापूस कोमट पाण्यात भिजवून राहिलेल्या तिघांची पोटं हळूहळू खालपर्यंत पुसली. थोड्या वेळानं माझ्या मनगटावर एक थेंब आला. पिवळा, मोहरीएवढा.

"मुतलं!" मी ओरडले.

"मुतलं गं बाई!" आक्कानं टाळी वाजवली. उंदराचं मूत बघून दोन म्हाताऱ्या एवढ्या खूश झालेल्या कोणी पाहिल्या असतील असं वाटत नाही.

त्यानंतर चांगलं चाललं होतं. लव दाट झाली. कान, जे आधी डोक्याला चिकटलेले होते, ते उभे राहिले. मी पायलीजवळ गेले की तिघंही तोंडं वर करून वळवळायची. डोळे उघडले नव्हते, पण माझ्या बांगड्यांचा आवाज त्यांना ओळखू यायला लागला होता. मग थंडीची एक लाट आली. कडब्याच्या गंजीवर सकाळी दहिवर इतकं पडायचं की वाटावं कोणी पाणी मारून गेलंय. पिल्लं शिंकायला लागली. कानाशी धरलं की आत बारीक टिकटिक वाजायचं. आणि त्याच दिवशी मनीषाचा फोन आला होता, की परीची छाती वाजते.

सर्दीला धुरी. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी मनीषाला सांगितलं. खापरात गोवरीचे निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची. तेल लावून शेकलेलं लेकरू जवळ घ्यायचं, वरून डालगं किंवा लुगडं धरायचं. लेकरू गरम होतं, घाम येतो, झोपतं. माझी सगळी लेकरं अशीच झोपली. आता परीला जी धुरी तीच यांना, असा माझा सरळ विचार. पण डालगं घरात नव्हतं. ते मनीषा कोंबड्यांसाठी फडात घेऊन गेली होती. म्हणून मी पायली खापराशेजारी ठेवून दोन्हींवर लोखंडी घमेलं उपडं घातलं.

अंगणात मेलेलं पिल्लू घेऊन बसले होते तेव्हा माझी नजर त्या घमेल्यावर गेली. डालगं बांबूचं. त्याला भोकं असतात, धूर आत फिरतो आणि वाट काढतो. घमेल्याला भोक नसतं. एवढीच गोष्ट. आणि लगेच दुसरी गोष्ट डोळ्यांपुढं आली. आमच्या काळी कोपी पाचटाची असायची. रात्रभर चूल धुमसली तरी पहाटे बाहेरून पाहिलं की सगळ्या कोपीच्या अंगातून धूर निघताना दिसायचा, भिजलेली म्हैस उन्हात वाफाळते तसा. आता कोपी ताडपत्रीची. पाणी आत येत नाही म्हणून सगळे खूश. धूर बाहेर जात नाही हे कोण बघतं? त्या ताडपत्रीचं तोंड गच्च बंद कर, असं मीच सांगून ठेवलं होतं.

पिल्लू तुळशीच्या कडेला ठेवलं आणि फोन घेतला. आमच्या घरात रेंज नसते, पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर जावं लागतं. मनीषाचा फोन बंद. लेकाचा बंद. फडात दिवसा सगळ्यांचे बंदच असतात, टपरीवर चार्जिंगला लावलेले असतात. मग टोळीच्या मुकादमाला लावला.

"काय मावशी?"

"मनीषाला सांग, परीला धुरी दिऊ नको म्हनावं. आजपासून अजाबात न्हाई."

"धुरी?" तो हसला. "मावशी, हितं गाडी भरायची घाई चाललीय. म्या उसाचं बघू का लेकराच्या धुरीचं?"

"दोन्ही बघ. न्हाई सांगितलं तर मी यष्टीत बसून येईन, न् तुझ्या उरावर बसून सांगीन."

"सांगतो सांगतो," म्हणाला. त्याचं सांगणं मला माहीत होतं. मी त्याच्या हाताखाली काम केलं आहे.

ती दुपार मी टाकीजवळच्या दगडावर काढली. आक्का पायली घेऊन तिथं आली, कारण पिल्लांची पाजायची वेळ झाली होती आणि मी उठत नव्हते. तिनंच वात भिजवली. तिनंच पुसलं. दोघं प्यायली, थोडी. खाली गावात सगळी कुलपं उन्हात चमकत होती.

ऊन कलल्यावर फोन वाजला.

"आत्या, काय झालं? मुकादम म्हनला तुमी शिव्या दिल्या."

"धुरी दिली का?"

"आत्ता खापर पेटवलंय, ओवा टाकायचा हाय. सकाळी दिली हुती. लई खोकली ती."

"बाहेर टाक ते. आत्ताच्या आत्ता."

"आवो, तुमीच तर काल..."

"मीच काल, न् मीच आज. खापर बाहेर टाक, ताडपत्री वर कर, चूलबी भाईर घे. लेकराला धुरात ठिवू नको."

"पन कुनी सांगितलं? डाक्टरनं?"

"उंदरानं."

मनीषा अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुमी बऱ्या हाय ना? आक्का हायेत का जवळ? त्यांना फोन द्या."

आक्कानं फोन हिसकावून घेतला आणि ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "मनीषा, ती बरी हाय. येडी हाय, पन बरी हाय. ती म्हनती तसं कर. न् उद्या लेकराला दवाखान्यात ने. खाडा पडला तर पडू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, तोंडाला वाफेचं यंत्र लावलं, औषध दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. चूल कुठं पेटवता असंही विचारलं म्हणे. ती औषधानं सावरली की धूर थांबल्यानं, मला ठाऊक नाही, आणि मी त्यात माझं नाव घुसडणार नाही. ते दोन दिवस मात्र मी पायली मांडीवरून खाली ठेवली नाही. या दोघांना काही झालं तर तिकडे काही होईल, असलं मनात येत होतं. मला असलं मानायची सवय नाही. तरी ठेवली नाही.

मग दोघांचे डोळे उघडले. काळे, चकचकीत, मोहरीसारखे. पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं आणि घाबरून कापसात घुसली. एवढं दूध पाजून हे! आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढं पिल्लं पायलीच्या काठावर चढायला लागली, भाकरीचा चुरा खायला लागली, माझ्या बाहीतून वर जाऊन मानेशी बसायला लागली. एक दिवस सकाळी पाहिलं तर पायली रिकामी होती. मी त्यांना शेताकडे सोडायचं म्हणत होते. त्यांनी वाट पाहिली नाही. कडब्याच्या गंजीत गेली असतील. त्या आठवड्यात ज्वारीच्या पोत्याला नवं भोक पडलं, तेव्हा आक्का म्हणाली, "लेकरं म्हायेरी आली गं." मी भोक शिवून टाकलं आणि त्या वर्षी चाप लावला नाही. पुढच्या वर्षी लावला.

शिमग्यानंतर टोळी परत आली. ट्रॉली थांबली, मनीषा उतरली आणि परीला माझ्या हातात दिलं. हातांना तिचं वजन कळलं, कारण आता तिचं वजन होतं. तरीही मी मनगटाची आतली बाजू तिच्या छातीला लावली. छाती ऐकली. काही वाजत नव्हतं.

परी आता अंगणवाडीत जाते. यंदा ती माझ्याजवळ राहिली आहे. मनीषानं या वेळी कोपीसाठी ताडपत्रीच्या वरच्या टोकाला गोणपाटाचा तुकडा शिवून नेला, धूर जायला. काल मी चाप काढला तर परी म्हणाली, "आजी, उंदराला नको ना मारू."

"ज्वारी तुजा बाप आनतो का उंदराचा?"

ती विचारात पडली. मग पायली आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मंग सांग." रोजचंच आहे तिचं हे. गोष्ट तिला पाठ आहे, फक्त शेवटी कोण राहिलं ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मी सांगते, जास्तीचं काही न लावता. पाच पिल्लांतली दोन जगली. आणि तू जगलीस.